रेघेखालचा धडा

दि. ३ मार्च

चि. खारूताईस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

काल आधी आली ती बाई. हातात फाइल, पायात आवाज न करणारे बूट. पाच मिनिटांनी तिच्यामागून एक पुरुष आला, बॅग धरून, जिना चढून धापा टाकत. म्हणजे मोठी अधिकारी बाईच, हे मी तिथल्या तिथे ओळखलं. तुझा मामा काल कामावर गेलाच नव्हता, आणि तुझ्या मामीने चांगले कप काढलेले. माझ्यासाठी ते कप कधी निघाले नाहीत, तेव्हा पाहुणे माझ्याकडेच आलेत हे कळायला मला वेळच लागला. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तूच लिहिलं होतंस ना, वाक्यांच्या प्रकारांचा अभ्यास केला नाहीस तर एक दिवस परीक्षक पाठवीन. चेष्टा केल्यासारखं दाखवलंस, पण तुझी आई गेली तेव्हा तू दीड वर्षाची होतीस, तेव्हापासून मीच तुला वाढवलंय. तुझी चेष्टा कुठे संपते ते मला कळतं.

आधी तब्येतीचं सांगते, नाहीतर राहून जाईल. डॉक्टरांनी बाळ होईपर्यंत अंथरुणातून उठायचं नाही म्हटलंय तर उठू नकोस. तू लहानपणी तापात सुद्धा उशीवर उड्या मारायचीस, म्हणून सांगते. दोन महिने काही फार नाहीत.

तर परीक्षा. बाईने माझ्याजवळ खुर्ची ओढली आणि मोठ्या आवाजात, सावकाश विचारलं की आज वार कोणता. माझे कान गेलेत हे तिला आधीच कोणीतरी सांगितलं असणार. मी म्हटलं, प्रश्नार्थी. तिने परत विचारलं. मी परत तेच सांगितलं आणि वर इंग्रजीतलं नावही सांगितलं, इंटरॉगेटिव्ह. जिभेला वळसा पडतो, पण आलं. तिने त्या पुरुषाकडे बघितलं आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, हा कागद घ्या, मधोमध दुमडा आणि जमिनीवर ठेवा. मी कागदाला हात सुद्धा लावला नाही. म्हटलं, आज्ञार्थी, एका दमात तीन. दुसरी कोणी असती तर बसली असती कागद दुमडत. मग ती म्हणाली, आमच्याकडे मोठी बाग आहे. हे विधानार्थी, ते मी तिचं वाक्य संपायच्या आतच सांगितलं. शेवटी तो पुरुष मान हलवून हळूच अरेरे म्हणाला. मला ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले. उद्गारार्थी. मी टाळीच वाजवली. चाळीस मिनिटांत चारही प्रकार झाले आणि एकही चुकला नाही. तुझी मामी रुमाल डोळ्यांना लावून बसली होती. तिला माझ्याबद्दल एवढं वाटत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तुला माझी पद्धत सांगितली की नाही, आठवत नाही. शर्टांच्या कारखान्यात तीस वर्षं काज-बटण केलं, त्याची उरलेली बटणं माझ्याकडे चार डब्यांत आहेत. तुझा धडा आला की मी एकेका वाक्यावर एकेक बटण ठेवत जाते. पांढरी चार भोकांची विधानाची, साधी, कुठेही चालणारी. हूक प्रश्नाचे, कारण ते वाकडे असतात आणि माणसाला अडकवतात. टिचबटणं आज्ञेची, दाबलं की बसलंच पाहिजे. आणि काचेची चमकणारी उद्गाराची, ती कमीच लागतात. आमच्या घरात तर लागतच नाहीत.

गंमत म्हणजे हल्ली मला माणसंही डब्यांत दिसतात. तुझे आजोबा नुसतं टिचबटण होते. एक्केचाळीस वर्षं ऊठ, आण, ठेव, बस. जाताना सुद्धा शेवटचं वाक्य खिडकी लाव. मी लावून परत आले तर ते गेलेले. पण आज्ञा पाळली गेली, त्यांना तेवढंच हवं असायचं. मामी तशीच. मामा म्हणजे हूक. आई, जेवलीस का, औषध घेतलंस का, घराचा कागद कुठल्या कपाटात ठेवलास. उत्तर ऐकायला थांबत नाही ही वेगळी गोष्ट.

तुझी पत्रं मामी अजूनही आधी फोडते. वरचं सगळं वाचते, आणि तू ओढलेली रेघ आली की खालचा धडा पोरखेळ म्हणून सोडून देते आणि पत्र माझ्या मांडीवर टाकते. बरंच आहे. रेघेवरचं खरं आणि रेघेखालचं बनवलेलं, हा आपला दोघींचा नियम तिला कुठे माहीत आहे. पण तू मोठी लबाड. मागच्या धड्यात लिहिलंस की आजी, हे खरं आहे, तुझ्या स्वयंपाकघरात साप शिरलाय, पळ. मी काठी घेऊन अर्धा तास पिठाचे डबे हलवत होते. मग तूच समजावलंस, वाक्य काय सांगतं त्याच्या मागे धावू नकोस, ते कशासाठी आलंय तेवढं बघ. ते मी गाठ मारून ठेवलंय. आता फसणार नाही.

बाळ तिकडे बापाची भाषा, इंग्रजीच बोलणार, मग पणजीने काय नुसतं त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं? म्हणून तर या वयात ही खटपट. बाई जाताना म्हणाल्या की एकोणतीस तारखेला, बुधवारी परत येतो. तोवर उजळणी करते. लोभ आहे तेवढाच ठेव, जास्त ठेवलास तर उतू जाईल.

तुझी,
आजी


दि. ११ मार्च

चि. खारू हिस मामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू काल फोनवर जे ओरडलीस ते तुझ्या अवस्थेत बरं नव्हे. फोनवर सगळं बोलता येत नव्हतं, कारण आई समोर बसली होती. तिला ऐकू येत नाही, पण ती ओठ बघते. म्हणून लिहितो.

ती दोन माणसं म्हाताऱ्यांच्या निवासातून आली होती. ज्यांचं डोकं जागेवर राहिलेलं नाही अशांना तिथे ठेवून घेतात. आम्हाला शंका होती की आई तपासणीत चांगलीच खणखणीत निघेल. ती तशी आहेच, हे मी तुझ्यापुढे नाकारत नाही. पण तिने एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. चाळीस मिनिटं व्याकरण सांगत बसली आणि शेवटी टाळ्या वाजवल्या. बाईंनी जागच्या जागी शेरा लिहिला. तेव्हा खरं तर आम्ही तुझेच आभार मानायला हवेत. जे आम्हाला दोन वर्षं जमलं नाही ते तुझ्या शिकवणीने एका सकाळीत झालं.

एकच गोष्ट राहिली आहे. निवासाचा नियम असा की नेताना दाराशी एकदा विचारतात, राजीखुशीने येता का. नाही म्हटलं तर नेत नाहीत. ती ही परीक्षाच समजते आहे, आणि पास झाल्यावर आपल्याला तुझ्याकडे पाठवणार असं तुझ्या मामीने तिला सांगितलं आहे. ती खूश आहे. म्हाताऱ्या माणसाला आनंदात ठेवावं, असं तूच नेहमी म्हणतेस.

घर तिच्या नावावर आहे, पण ती गेल्यावर ते रिकामं करून घेणं सोपं जाईल. तू उठू शकत नाहीस, येऊ शकत नाहीस, तेव्हा जिवाला त्रास करून घेऊ नकोस. निवासाचा पत्ता यथावकाश कळवीन. घाई नाही. लोभ ठेवलास तर आनंद, नाही ठेवलास तर तक्रार नाही.

तुझा,
मामा


दि. १७ मार्च

ती. घड्याळकाकांना खारूचा सा. न. वि. वि.

तुमच्या दुकानात फोन नाही म्हणून हे पत्र. मी लहानपणी तुमच्या टेबलाखाली बसून मोडकी घड्याळं उघडायची आणि तुम्ही आजीला सांगायचात की पोरगी वेळेचा जीव घेते. आज मला खरोखरच वेळ पुरत नाही.

बुधवारी एकोणतीसला आजीला निवासात न्यायला येणार आहेत. तिला ती परीक्षा वाटते. मी आजच तिलाही पत्र टाकलंय, पण मामी ते फोडणार, म्हणून खरी गोष्ट रेघेखाली, जिथे मी धडा लिहिते तिथे लिहिली आहे. मामी तेवढंच वाचत नाही. दुसरा मार्ग सुचला नाही. आता भीती वाटते की आजी तो धडाच समजेल. तुम्ही फक्त जिना चढून वर जा, तिच्यासमोर बसा आणि ओठ नीट हलवून सांगा की ते खरं आहे. ती ओठ वाचते. नाही एवढा एक शब्द तिने म्हटला की पुरे आहे.

तुम्ही तिचे तीस वर्षांचे शेजारी. तुमचा लोभ आज मला उसना नको, पूर्ण हवा.

तुमची,
खारू


दि. १७ मार्च

ती. स्व. आजीस खारूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी बरी आहे. छताकडे बघून बघून छतावरच्या भेगा पाठ झाल्या. बाळ उजव्या बाजूला लाथ मारतं, म्हणजे तुझ्यासारखं हट्टी होणार. मामा-मामींना नमस्कार सांग. परीक्षेचं वाचून खूप हसले. रेघेखालचा धडा या वेळी सावकाश वाच, दोनदा वाच, आणि एकटी असताना वाच. लोभ माझ्यासाठी राखून ठेव, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस.

तुझी,
खारू

————————

आजी, हे खोटं नाही. ती माणसं परीक्षक नाहीत. ती म्हाताऱ्यांच्या निवासातून आली होती. त्यांना मामाने बोलावलं होतं. त्याला तुझं घर रिकामं करून हवंय. कुठल्याही कागदावर सही करू नकोस. बुधवारी दार उघडू नकोस. घड्याळकाकांच्या दुकानात जाऊन बस. ती बाई तुला विचारेल की राजीखुशीने येता का. नाही म्हण. तू नाही म्हणालीस तर तुला कोणीही नेऊ शकत नाही. मी उठू शकत नाही गं. बाळ झालं की मी स्वतः येऊन तुला इकडे घेऊन येईन. तोवर थांब. तुला कळतंय ना? किती मूर्ख मी, तुला हे खेळ शिकवले!


दि. २६ मार्च

चि. खारूताईस आणि पोटातल्या पाहुण्यास आजीचे आशीर्वाद. वि. वि.

गुरुवारी तुझं पत्र आलं. मामीने वरचं वाचलं, तोंड वाकडं केलं आणि पत्र मांडीवर टाकून गेली. मी तू सांगितल्यासारखी एकटी बसले, खिडकीजवळ, चारही डबे उघडून. काय धडा लिहिलास गं. आत्तापर्यंतचा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर. आमच्याच घरातली माणसं घातलीस, मामा घातलास, घड्याळकाका घातले, परीक्षक सुद्धा. पहिलंच वाक्य वाचून मी हसले. हे खोटं नाही म्हणे. सापाच्या वेळीही तू असंच म्हणाली होतीस. या वेळी मी काठी उचलली नाही.

आता निकाल ऐक. एकूण वाक्यं सोळा. विधानार्थी नऊ. आज्ञार्थी पाच. एका धड्यात पाच आज्ञा तू पहिल्यांदाच दिल्यास, एवढा अधिकार गाजवायला कधी शिकलीस? ती बाई तुला विचारेल, हे वाक्य तू मला पाडायला घातलंस. पोटात प्रश्न आहे पण वाक्य विधानच, म्हणून मी हूक ठेवता ठेवता उचलला आणि पांढरं बटण ठेवलं. प्रश्नार्थी एकच, तुला कळतंय ना. हो गं, सगळं कळलं, सोळाच्या सोळा. आणि शेवटचं उद्गारार्थी. त्यावर माझ्याकडचं सगळ्यात मोठं निळं काचेचं बटण ठेवलं. ते वाक्य एवढं खरं वाटलं की मला क्षणभर भरून आलं. मास्तरीण व्हायचं सोडून तू गोष्टी लिहायला हव्या होत्यास.

पण योगायोग कसा असतो बघ. गुरुवारी धड्यात सहीचं आलं आणि शुक्रवारी मामाने खरोखरच एक कागद माझ्यापुढे ठेवला. परीक्षेचा अर्ज आहे म्हणाला. पेन हातात घेतल्यावर तुझं वाक्य डोळ्यांसमोर आलं, कुठल्याही कागदावर सही करू नकोस. हात थांबला. मामाने विचारलं की काय झालं. मग मीच स्वतःला म्हटलं, वेडे, रेघेखालचं आहे ते. आणि केली सही. अंगठा नाही, सही. इंग्रजीत, एकेक अक्षर काज घातल्यासारखं सुबक. मामा कागदाकडे बघत राहिला. त्याला मी लिहायला शिकवलं नव्हतं, मला येतच नव्हतं तेव्हा. त्याला वाटलं असेल, आई काय होती आणि काय झाली.

घड्याळकाकांना मात्र काय झालंय कळत नाही. परवा जिना चढून आले होते. मामीने दारातच, आई झोपल्यात असं सांगून परत पाठवलं, आणि मी आत टक्क जागी, फटीतून तिचे ओठ बघत. नंतर बघते तर खाली रस्त्यावर उभे, माझ्या खिडकीकडे बघून दोन्ही हात हलवताहेत आणि तोंड एवढं मोठं उघडताहेत की त्यांची पडलेली दाढ दिसली. शब्द काही लागेना, पण इतका मोठा उद्गार मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी पण हात हलवला. एवढ्यात तुझा मामा खाली गेला, त्यांच्या खांद्यावर हात टाकला आणि त्यांना दुकानात घेऊन गेला. दुकानाचा गाळा आपल्याच घराचा ना, त्याच्या भाड्याच्या कराराचं काहीतरी बोलायचं होतं म्हणे, तो आता संपत आलाय.

काल मी स्वतःच खाली उतरले, एकेक पायरी धरून. त्यांना विचारलं, काय सांगत होतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळात मान घातली. घड्याळ उघडलेलंच नव्हतं. मी बराच वेळ उभी होते. ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी मान वर केली तेव्हा मी ओठ बघितले, तर मिटलेले. आता मला सांग, याला कुठलं बटण लावू? विधान नाही, प्रश्न नाही, आज्ञा नाही, उद्गारही नाही. गप्प बसणं हा पाचवा प्रकार असतो का? मी चारही डबे बघितले, एकही बसेना. पुढच्या पत्रात कळव.

बाकी घरात इतकं चांगलं चाललंय की दृष्ट लागेल. मामी हल्ली प्रश्नार्थी बोलायला लागली आहे. चहा देऊ का, उशी बदलू का, तुम्हाला हा रंग आवडतो का. टिचबटणाचा हूक झाला. माझी पेटी सुद्धा तिनेच भरली. एकच पेटी न्यायची असते म्हणे, म्हणून तुझ्या आईचा फोटो आणि बटणांचे डबे यांतलं एक निवडायला लागलं. फोटो मामी नंतर पाठवणार आहे. डबे घेतले, परीक्षेला साधनं नकोत का?

आणि आता खरी बातमी, जी मी शेवटपर्यंत दाबून धरली. मामी म्हणते की पास झाले की ती माणसं मला सरळ तुझ्याकडे पोहोचवायची व्यवस्था करतात. आधी त्या बाईच्या बागेच्या जागी थोडे दिवस, मग तिकडे. बाळाच्या आधी आले तर मीच तुला अंथरुणातून उठू देणार नाही. म्हणून या पत्त्यावर आता उत्तर पाठवू नकोस. नवा पत्ता मामा तुला कळवेलच, तो अशा बाबतीत विसरत नाही.

दाराशी एकच प्रश्न विचारतात, असंही मामीने सांगून ठेवलंय. तुझ्या धड्यात होता तोच, म्हणजे तुला पेपर आधीच माहीत होता, लबाड. तू लिहिलंस नाही म्हण, ते धड्यापुरतं. खऱ्या परीक्षेत मी इंग्रजीत उत्तर देणार आहे. आय अ‍ॅम हॅपी टु कम. विधानार्थी. आरशासमोर रोज वीस वेळा म्हणते. मामा दारात उभा राहून ऐकतो, आणि कालपासून त्याने मला काहीच विचारलेलं नाही.

माझा लोभ तुला पोचतोच आहे, तुझा आता हातात घ्यायलाच येते.

तुझी,
आजी

ता. क. पत्र चिकटवता चिकटवता मामीने परत आठवण करून दिली. बुधवार, एकोणतीस तारीख, सकाळी दहाला येणार आहेत. गाडी घेऊन.